घासून बसवलेली पिस्तुलं

स्पेनच्या स्टार कंपनीचं मॉडेल बी आणि अमेरिकेच्या कोल्टचं 1911 ही दोन पिस्तुलं शेजारी-शेजारी ठेवली, तर सरावलेली नजरही पहिल्या फेरीत फसते. मुठीचा तोच उतार, नळीवरून मागेपुढे सरकणारी तशीच लांब स्लाइड, मागे ठोका देणारा तसाच उघडा हॅमर, डाव्या अंगाला तसाच सेफ्टीचा खटका. फरक कळायला लागतो तो बारकाईनं पाहिल्यावर. कोल्टच्या मुठीच्या पाठीला, अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात दाबली जाणारी एक पट्टी असते. मूठ नीट आवळल्याशिवाय चाप ओढला जाऊ नये म्हणून. मॉडेल बीला ती नाहीच. कोल्टच्या मुठीची पाठ खालच्या बाजूनं सुटी होते, हॅमरची स्प्रिंग त्या सुट्या भागात असते. स्टारची पाठ फ्रेमशी, म्हणजे पिस्तुलाच्या सांगाड्याशी, एकजीव. कोल्टचा ट्रिगर, म्हणजे चाप, सरळ मागे सरकतो. स्टारचा एका पिनवर झुलतो आणि फ्रेमच्या उजव्या अंगातल्या पट्टीमार्फत आपलं काम करतो. झाडलेलं काडतूस ओढून काढणारा एक्स्ट्रॅक्टर कोल्टमध्ये स्लाइडच्या पोटात दडलेला, स्टारमध्ये बाहेरून दिसणारा. चेहरा उसना आणि आतडी स्वतःची, असा हा मामला. तेव्हा कोल्टचा ट्रिगर, हॅमर किंवा एक्स्ट्रॅक्टर स्टारला बसवायचा विचारच सोडून द्यायचा.

माझा सगळा जन्म टूलरूममध्ये गेला. आधी भोसरीत, मग चाकणला. पार्ट ड्रॉइंगप्रमाणे असेल तर तो कुठल्याही असेंब्लीत बसलाच पाहिजे. बसला नाही तर दोष पार्टचा तरी किंवा ड्रॉइंगचा तरी. ही शिस्त अंगात भिनलेल्या माणसाला जुनी स्पॅनिश पिस्तुलं आधी वैताग आणतात आणि मग त्यांचा नाद लागतो. मला नेमबाजी येत नाही, शिकायचीही नाही. पिस्तूल बाळगायची तर मुळीच हौस नाही. मला छळतो तो एवढाच प्रश्न: एकाच नावाच्या, एकाच रूपाच्या दोन वस्तूंचे भाग एकमेकांना का बसत नाहीत?

उत्तर शोधत गेलं की माणूस एइबारला पोचतो. बास्क प्रदेशातल्या गिपुस्कोआ प्रांतात, डोंगरांच्या चिंचोळ्या घळीत वसलेलं हे गाव. सपाट जागेचा इतका तुटवडा की कारखानेसुद्धा मजल्यावर मजले चढवून बांधलेले. शेजारच्या गावाचं जुनं नावच प्लासेन्सिया दे लास आर्मास, म्हणजे हत्यारांचं प्लासेन्सिया. राजाच्या फौजेसाठी या खोऱ्यात शतकानुशतकं बंदुका बनल्या, आणि त्या बनवणाऱ्यांचे चार संघ होते. नळ्या करणारे वेगळे, चकमकीचं यंत्र करणारे वेगळे, लाकडी दस्ते करणारे वेगळे आणि उरलंसुरलं सामान करणारे वेगळे. पुरी बंदूक कुणीच बनवत नसे. प्रत्येक जण एक तुकडा बनवी, आणि शेवटी एक जण शेगड्यात पकडून, कानस चालवून ते तुकडे एकमेकांना पटवून देई. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऑइल इंजिनाचे भाग गल्लोगल्लीच्या शेडमध्ये तयार होताना ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या गावाची चाल वेगळी समजावून सांगायला नको.

या पद्धतीत एक गोम आहे. घासून बसवलेला भाग त्या एका यंत्रात फार सुरेख बसतो. माप तपासायच्या गेजवर पास झालेल्या भागापेक्षाही कधीकधी घट्ट आणि गुळगुळीत. फक्त तो त्या एकाच यंत्राचा राहतो. दुसऱ्याच्या घरात त्याला जागा नसते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अर्धस्वयंचलित पिस्तूल आलं आणि एइबारच्या कारागिरांनी ब्राउनिंग या अमेरिकन रचनाकाराची पिस्तुलं समोर ठेवून आपली पिस्तुलं बनवायला सुरुवात केली. स्पेनमध्ये प्रत्यक्ष उत्पादन न करणाऱ्या परदेशी माणसाच्या पेटंटला तिथे फारसं संरक्षण नव्हतं. याला चोरी म्हणा किंवा शिकाऊ उमेदवारी. मी दुसऱ्या मताचा आहे, पण पहिलं मत खोडून काढायला माझ्याकडे काही नाही.

1914 साली गाबिलोन्दो इ उरेस्ती या कंपनीनं ‘रुबी’ नावाचं पिस्तूल बाजारात आणलं. 7.65 मिलिमीटर काडतुसाचं, आत दडलेल्या हॅमरचं, साधंसुधं. त्याच्या मॅगझिनमध्ये नऊ काडतुसं मावत. त्या काळच्या खिशातल्या पिस्तुलाच्या मानानं जास्त. तेवढ्यात महायुद्ध पेटलं. खंदकात लढणाऱ्या फ्रेंच फौजेला पिस्तुलं कमी पडू लागली आणि 1915 मध्ये तिनं रुबी पसंत केलं. मागणी महिन्याला 10,000 पिस्तुलांची, आणि काही महिन्यांतच ती 30,000 वर गेली. गाबिलोन्दोंच्या कारखान्याची तेवढी ताकद नव्हती. त्यांनी खोऱ्यातल्या आणखी कारखान्यांना जॉबवर्क वाटलं. ते पुरेना, म्हणून आणखी कारखाने आले. मग काही कारखान्यांनी मधला दलाल कशाला म्हणून थेट फ्रेंचांशीच सौदे केले. युद्ध संपेपर्यंत रुबी किंवा रुबीसारखं पिस्तूल बनवणाऱ्यांची संख्या पन्नासच्या आसपास गेली होती आणि पिस्तुलांची संख्या लाखांत.

माझ्यासारख्याला घाम फुटतो तो इथे. पन्नास कारखाने, प्रत्येकाचे स्वतःचे फिक्स्चर, स्वतःचे गेज (असलेच तर), आणि एकमेकांशी ताळमेळ शून्य. बाहेरून सगळी रुबी. आतून प्रत्येकाचं बिऱ्हाड वेगळं. सगळ्यात मोठी पंचाईत मॅगझिनची झाली. एका कारखान्याचं मॅगझिन दुसऱ्याच्या पिस्तुलात शिरायचंच नाही. शिरलं तर अडकायचं नाही. अडकलं तर गोळी नीट वर यायची नाही. लढाईच्या धांदलीत सैनिकाच्या हाती भलतं मॅगझिन लागलं, की त्याच्या हातात उरलं ते निव्वळ लोखंड.

यावर फ्रेंचांनी काढलेला तोडगा मला फार आवडतो. त्यांनी पन्नास कारखान्यांना एका मापात आणण्याचा खटाटोप केला नाही. भर युद्धात ते जमणारही नव्हतं. त्यांनी प्रत्येक कारखान्याला अक्षरं दिली. फ्रेमवर छोट्या अंडाकृती चौकटीत दोन अक्षरांचा शिक्का, आणि तोच शिक्का मॅगझिनवरही. गाबिलोन्दो इ उरेस्ती म्हणून ‘जी यू’. अक्षरं जुळली तर घाल, नाही जुळली तर घालू नकोस. अक्षरओळख नसलेल्या सैनिकालाही आकार जुळवता येतात. रोग कायम ठेवून पथ्य सांगितलं म्हणा हवं तर, पण पथ्य अचूक होतं. आजही जुनं रुबी विकत घेणारा संग्राहक आधी मॅगझिन काढून तळ पाहतो.

रुबीची दुसरी एक खोड तिच्यावरच दिसते. काही कारखान्यांच्या पिस्तुलांत सेफ्टीचा खटका चामडी म्यानात घासला जाऊन आपोआप खाली व्हायचा. म्हणून पुढे काहींच्या स्लाइडवर एक गोल बटण बसवलं, म्यानाचं चामडं खटक्यापासून लांब राहावं म्हणून. दुकानात कुणी ते पाहिलं की हमखास विचारतो, हे कशाचं बटण, दाबलं तर काय होतं? काही होत नाही. चामडं दूर ठेवणं एवढंच त्याचं काम.

युद्ध संपलं आणि मागणी रातोरात आटली. पुढची गोष्ट खरं तर पिस्तुलांपेक्षा मोठी आहे, पण इथे ओझरती सांगतो. नळ्या ओढण्याचं, बारीक भाग कातण्याचं कसब असलेल्या या खोऱ्यानं सायकली आणि शिलाई मशिनं करायला घेतली. ऑर्बिआ आणि बी. एच. या आज पुण्यातल्या सायकलवेड्यांनाही ठाऊक असलेल्या कंपन्या मुळात बंदुका-पिस्तुलंवाल्या. अल्फा ही समाजवादी कामगारांची सहकारी संस्था 1920 मध्ये हत्यारं बनवायला म्हणून निघाली आणि शिलाई मशिनांवर नावारूपाला आली. 1913 पासून एइबारमध्ये शस्त्रकारागिरीची शाळा होती. हे वळण घेताना तिथल्या शिक्षणाचा हातभार लागलाच असणार.

पिस्तुलांच्या धंद्यात टिकली ती मुख्यतः तीन नावं: एइबारच्या बोनिफासिओ एचेवेरियांचं स्टार, गेर्निका या बास्क गावातल्या उन्सेतांचं अॅस्ट्रा आणि रुबीवाल्या गाबिलोन्दोंचंच पुढचं लामा. आपल्याकडच्या जुन्या परवानाधारकांच्या घरी स्पॅनिश पिस्तूल निघालं तर ते बहुधा या तिघांतलंच असतं.

अॅस्ट्रानं नक्कल न करताही नाव कमावलं. काउंट काम्पो-हिरो या लष्करी अधिकाऱ्याच्या रचनेवरून विकसित झालेलं अॅस्ट्रा 400 स्पॅनिश फौजेनं 1921 मध्ये स्वीकारलं. लांबट गोल स्लाइडमुळे लोक त्याला ‘पुरो’ म्हणत, म्हणजे चिरूट. 9 मिलिमीटर लार्गोसारखं दमदार काडतूस, पण नळी आणि स्लाइड जखडून ठेवणारी यंत्रणा नाही. सगळा भार जड स्लाइडवर आणि कमालीच्या कडक स्प्रिंगवर. ती स्लाइड मागे ओढताना धडधाकट माणसाच्याही कपाळाला आठ्या पडतात. त्याच घराण्यातलं धाकटं अॅस्ट्रा 300, आणि मधलं अॅस्ट्रा 600. हे 600 जर्मन फौजेनं 9 मिलिमीटर पॅराबेलम काडतुसासाठी मागवलं. 10,450 पिस्तुलं पोचती झाली, तेवढ्यात 1944 मध्ये दोस्त फौजा फ्रान्समधून सरकत आल्या आणि स्पेनच्या सीमेवरून माल जाण्याची वाट बंद झाली. तिन्ही पिस्तुलं एकाच साच्यातली वाटतात, आणि याच वाटण्यावर जाऊन कुणी एकाचं मॅगझिन दुसऱ्याला मागतो. काडतुसाची लांबी बदलली की मॅगझिन बदलतं, नळी बदलते, स्लाइड बदलते. सारखा राहतो तो चेहरा.

स्पेनच्या यादवी युद्धात या गोंधळात आणखी भर पडली. उन्सेतांचा कारखाना बंडखोर सेनापती फ्रँकोच्या बाजूच्या ताब्यात गेला. गेर्निकावर 26 एप्रिल 1937 रोजी बॉम्बवर्षाव झाला, गाव बेचिराख झालं आणि हत्यारांचा कारखाना मात्र उभा राहिला. रिपब्लिकन सरकारला अॅस्ट्रा मिळेना, म्हणून त्यांनी स्वतःच्या मुलखात अॅस्ट्रा 400 ची नक्कल सुरू केली. एक व्हॅलेन्सियाकडची, ‘आर. ई.’ शिक्क्याची. दुसरी कॅटालोनियातल्या तेरासाची, आस्कासो नावाची. नक्कल करणाऱ्यांची नक्कल झाली, ती अशी. आज संग्राहकांत या नकलांना अस्सलपेक्षा जास्त भाव येतो.

स्टारच्या घरात मॉडेल कसं बदलत गेलं ते पाहिलं की सुट्या भागांची यादी का फुगते ते कळतं. स्पॅनिश सिव्हिल गार्डसाठी 1920 मध्ये केलेल्या पिस्तुलाची सेफ्टी स्लाइडवर मागच्या बाजूला. 1921 मध्ये ती फ्रेमवर आली आणि मुठीच्या पाठीला कोल्टसारखी पट्टीही आली. 1922 मध्ये गिऱ्हाइकाला पट्टी नको म्हणून ती काढली. लागोपाठच्या तीन सालांत तीन फ्रेम! पुढे यातूनच मॉडेल ए आणि बी आली. 1946 च्या सुमारास ‘सुपर’ आलं: नळी खाली खेचायला कोल्टसारखी हलती कडी होती ती गेली, नळीच्या बुडाशीच तिरकी खाच आली, आणि उजव्या अंगाला एक तरफ फिरवून पिस्तूल सोडवता येऊ लागलं. सुधारणा चांगली, नाव जवळपास तेच, आणि नळ्या एकमेकींना परक्या. मग बी. एम., बी. के. एम. ही आखूड भावंडं. ‘स्टार बीची नळी आहे का?’ या प्रश्नाला अर्थ नाही. कुठल्या सालाचं, सुपर की साधं, हे आधी सांगावं लागतं.

साल सांगायला मात्र स्पेननं झकास सोय केली आहे. एइबारच्या सरकारी चाचणी केंद्रात पिस्तूल पास झालं की त्यावर 1927 पासून सालाचं अक्षर ठोकत. ए म्हणजे 1927, बी म्हणजे 1928, असं पुढे. त्यात स्पॅनिश बाराखडीतली ‘चे’, ‘एल्ये’ आणि ‘एन्ये’ ही अक्षरंही धरलेली आणि डब्ल्यू वगळलेलं. इंग्रजी क्रमानं मोजणाऱ्याचं गणित म्हणूनच चुकतं. चे 1930 चं, एल्ये 1940 चं, एन्ये 1943 चं. झेड 1954 ला संपतं आणि 1955 पासून ए-एक सुरू. भिंगाखाली दिसणारं ते बारीक अक्षर कंपनीच्या ठसठशीत नावापेक्षा अधिक माहिती देतं.

माझ्या धाकट्या मामांचं पिस्तूल याच अक्षरानं ओळखता आलं. मामा सांगलीकडचे, ऊसवाले. परवाना जुना, पिस्तूलही जुनं. स्टारचं एस आय मॉडेल, 7.65 चं, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत बत्तीस बोरचं. अक्षर व्ही, म्हणजे 1951. आपल्याकडे 9 मिलिमीटर पॅराबेलम सामान्य परवानाधारकाला मिळत नाही, बत्तीस बोर मिळतो. विलायती हत्यारांची आयात नागरिकांसाठी जवळपास बंद होऊन दशकं लोटली, त्यामुळे असली जुनी पिस्तुलं परवान्यासकट हात बदलत राहतात आणि त्यांच्या किमती ऐकून बाहेरचा माणूस चक्रावतो. त्यात सुटे भाग मागवायचे म्हटलं तर 1959 च्या शस्त्र कायद्यात हत्याराचे भागही हत्यारच. कुरिअरनं मागवण्याचा प्रश्नच येत नाही.

मामांच्या मॅगझिनचा वरचा, काडतूस धरून ठेवणारा ओठ तडकला होता. एका दुकानदारानं दुसरं आणून दिलं, “स्टारचंच आहे, ओरिजिनल.” ते आत गेलं, खटकाही लागला. पण पहिलंच काडतूस जागेवर नाक खुपसून बसलं. मामांचा फोन आला.

“अरे, तू एवढा मोठा टूलमेकर, जरा बघ की काय झालंय ते.”

“मामा, पिस्तुलाला मी हात लावणार नाही. दोन्ही मॅगझिनं दुकानातच ठेवा, तिथे येऊन बघतो.”

परवानाधारक दुकानात, तिथल्या मिस्त्रींच्या समोर, व्हर्नियर लावून दोन्ही मॅगझिनं मोजली. नव्याच्या ओठांतलं अंतर जरासं जास्त. एस मॉडेल 9 मिलिमीटर शॉर्टचं आणि एस आय 7.65 चं, पिस्तुलं जुळी, दोन्ही काडतुसांची लांबीही सारखीच. पण बुडाच्या कडेचा व्यास एकाचा साडेनऊ मिलिमीटर, दुसऱ्याचा नऊ पूर्णांक एक. त्या चार दशांशावर सगळं अडलेलं. दुकानदार खोटं बोलत नव्हता. मॅगझिन स्टारचं होतं, ओरिजिनलही होतं, फक्त जुळ्या भावाचं होतं. मिस्त्रींनी ते हातात फिरवलं, उजेडात धरलं, “साहेब, हे ओठ दाबून चालेल, पण चालेल तेवढंच,” म्हणाले आणि बाजूला ठेवून दिलं. मला तो माणूस तिथेच आवडला. योग्य मॅगझिन कुठून तरी मिळालं, पण त्याला वेळ लागला आणि पैसे तर विचारूच नका.

लामाची गंमत उलटी. स्टारपेक्षा लामा कोल्टच्या जास्त जवळ. मोठ्या लामांत कोल्टचं मॅगझिन बरेचदा चालून जातं, काही भाग कानस मारून बसतात, काही साफ नाही म्हणतात. म्हणजे ‘नाही’ म्हणणाऱ्या स्टारपेक्षा ‘बघू या’ म्हणणारं लामा जास्त धोक्याचं, कारण माणूस आशेवर भाग घासत बसतो. त्यांच्या नावातला ‘ए’ मात्र उपयोगी आहे. थ्री-ए, टेन-ए, नाइन-ए यांतला ए म्हणजे मुठीच्या पाठीला दाबपट्टी असलेलं.

आणि जिथे कुणी अपेक्षा करत नाही तिथे भाग चक्क बसतात. 1950 च्या दशकाच्या अखेरीपासून 1968 पर्यंत कोल्टनं ‘ज्युनिअर’ नावाचं छोटं पिस्तूल अमेरिकेत विकलं. ते बनत होतं गेर्निकात, उन्सेतांच्या कारखान्यात. अॅस्ट्राचं ‘कब’ म्हणजेच ते. ज्या बास्क मुलखानं अमेरिकन पिस्तुलाची रूपं घेऊन धंदा मांडला, त्याच मुलखातलं पिस्तूल अमेरिकन नाव लावून अमेरिकेत गेलं. कोल्टचा चाहता कब घ्यायला नाक मुरडतो आणि ज्युनिअरसाठी जास्त मोजतो. आत तेच लोखंड.

सगळ्यात वाईट अवस्था स्टार पी. डी. वाल्यांची. 1970 च्या दशकातलं हे .45 बोरचं हलकं पिस्तूल, फ्रेम अॅल्युमिनियमची. धक्का शोषायला स्प्रिंगच्या दांड्यावर प्लास्टिकचा एक बफर असतो, झिजला की बदलायचा. न बदलता वापरलं तर मार फ्रेमवर बसतो. डिझायनरनं विचार बरोबर केला: झिजायचंच तर स्वस्त भाग झिजू दे. पण 1997 मध्ये स्टार बंद पडलं, अॅस्ट्राही त्याच सुमारास गेलं, आणि काही वर्षांत लामाही. स्वस्त भाग बनवणारं कुणी उरलं नाही. अमेरिकेत काही छोट्या कार्यशाळा असले बफर करून विकतात, म्हणून तिथली पिस्तुलं अजून चालतात. असं काही पाहिलं की मी ड्रॉइंगवरच्या ‘बदलण्याजोगा भाग’ या शेऱ्याकडे जरा संशयानं पाहू लागतो.

2019 मध्ये शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली आणि एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येऊ लागली. मामांकडे तीन होती: पिस्तूल, बाराबोर आणि एक जुनी रायफल. मला वाटलं पिस्तूल जाणार, कारण रायफल त्यांच्या वडिलांची. गेली रायफल. मी कारण विचारलं तर म्हणाले, “अरे, त्या मॅगझिनला जेवढे पैसे घातले, तेवढे त्या रायफलीला अख्ख्या जन्मात लागले नाहीत. आता ते सोडून देऊ?”